खांद्याला झेपेल ते इंजिन

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती माननीय शेषराव साहेब. बुलढाण्याहून धाडपर्यंत एस.टी.ने आणि धाडहून पुढे आमच्या बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत इथवर आलेले मत्स्य खात्याचे सन्माननीय अधिकारी. आमच्या संस्थेचे संस्थापक चेअरमन आणि माझं भाषण संपेपर्यंत माझ्यावर नक्कीच रागावणार असलेले आदरणीय भगवानराव पाटील. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती गोजरबाई. संस्थेचे सर्व संचालक. समोर बसलेल्या माता-भगिनींनो, आणि 'आत या, आत या' म्हणून घसा बसला तरी दारातच उभ्या राहणाऱ्या तरुण मंडळींनो!

अध्यक्ष महाराजांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मी पंजाबराव, या संस्थेचा पहिल्या दिवसापासूनचा चिटणीस. सभेत दुसऱ्यांचं बोलणं लिहून घ्यायचं हे माझं काम. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेल्या माणसाला एकदा माईक मिळाला की तो थोडक्यात कसा बोलणार, हे साहेबांनीच सांगावं. तरी प्रयत्न करतो.

पाहुण्यांनी आल्या आल्या मला विचारलं, की सत्कारमूर्तींच्या शेजारी टेबलावर हार घालून, कुंकू लावून हे काय ठेवलंय? एकांना वाटलं फवारणीचा पंप आहे. पाहुण्यांचा दोष नाही. बुलढाणा जिल्हा म्हणजे काळी माती, ज्वारी, कापूस आणि विहिरी. समुद्र आम्ही नकाशात पाहिलेला. तर हे होडीचं इंजिन आहे. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, दोरी ओढायची, खाली पाण्यात पंखा फिरतो आणि होडी पुढे जाते. आमच्याकडे याला शेपटीचं इंजन म्हणतात. वरती जड डोकं, खाली लांब पाय, आणि पायाला पंखा. हे इंजिन लहान आहे, पाच घोड्यांचं. पण आजच्या सत्कारात अर्धा मान त्याचा आहे, म्हणून त्यालाही हार.

मंडळी, दारात उभे आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांना जुनी वडाळी आठवतही नसेल. आपला तलाव बांधला तेव्हा जुनं गाव उठलं, आपण या टेकाडावर आलो. चांगली चांगली शेतं पाण्याखाली गेली. कुणाची आमराई गेली, कुणाची बांधीव विहीर गेली. आज ज्या पाण्यावर आपण जाळी टाकतो, त्याच्या खाली माझ्या वडिलांचा गोठा आहे. सरकारने मोबदला दिला, जमीन काही सगळ्यांना मिळाली नाही. मग ज्यांची शेतं गेली त्यांनी म्हटलं, शेत पाण्यात गेलं ना, मग पाण्यातच पिकवू. आपण कुणब्याची पोरं, पोहायला विहिरीत शिकलेली. जाळं धरायचं कसं हेही माहीत नव्हतं. नदीकाठच्या भोई मंडळींनी हाताला धरून शिकवलं. त्यांचे उपकार या व्यासपीठावरून मान्य केले नाहीत तर मी कृतघ्न ठरेन. अशी ही आपली मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली, आणि भगवानराव पाटलांनी ती उभी केली. हे मी आधीच सांगून ठेवतो. नंतर मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकताना हे लक्षात असू द्यावं.

त्या पहिल्या सभासदांत एक होते मोतीराम, गोजरबाईंचे यजमान. शेत गेलेलं, बैलजोडी विकलेली. होडी घेतली, वर्ष-दोन वर्षं चालवली, आणि तापाच्या साथीत मोतीराम गेले. पदरात एक मुलगी, कोकिळा, तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती. सगळ्यांना वाटलं, आता होडी दीर चालवतील. मोतीरामांचे धाकटे भाऊ कडूबा, ते समोर बसलेत. कडूबा भाऊ, मान खाली घालू नका, तुमच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण गोजरबाई चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही, सुतक फिटल्या फिटल्या स्वतः वल्हं घेऊन पाण्यावर गेल्या. गावाने थोडी कुजबुज केली आणि सोडून दिलं. का सोडलं? कारण वल्हं मारणं हे कष्टाचं काम. हाताला फोड येतात, पाठ मोडते. कष्टाचं काम बाई करत असेल तर आपण कुणी तिला अडवायला जात नाही. खरं की नाही, माता-भगिनींनो? बघा, तिकडे सगळ्या हसल्या.

पण मग इंजिनं येणार अशी बातमी आली, आणि तिथून गोष्ट बदलली.

तलाव लांबच लांब. पलीकडच्या काठाला मासा चांगला. तिथून वल्ह्याने परत यायला उशीर व्हायचा, वारा समोरून असला तर विचारूच नका. सकाळची एस.टी. चुकली की मासा बुलढाण्याला जायचा राहिला आणि दुपारपर्यंत टोपल्यांना वास सुटला. तेव्हा खात्याने योजना आणली, होड्यांना इंजिनं देण्याची. खात्याचे तेव्हाचे साहेब स्वतः आले होते. कोकणातले गृहस्थ, समुद्रावर वाढलेले, बोलायला मृदू. आता ते बदली होऊन आपल्या मुलखात गेले. शाळेच्या पडवीत सभा भरली. साहेबांनी विचारलं, किती घोड्यांची इंजिनं मागवायची ते संस्थेने ठरवावं.

आता या ठिकाणी पाटलांची परवानगी घेतो. पाटील, सांगू का? ...ते हात हलवताहेत. म्हणजे सांग, पण जपून सांग. बरं.

पाटलांनी साहेबांना पहिलाच प्रश्न काय विचारला असेल? "साहेब, पानी किती खोल हाये?"

साहेब म्हणाले, "भिंतीजवळ साठ फूट तरी असेल."

पाटील म्हणाले, "मंग पंधरा घोड्याच्या खाली भागत नाही."

आणि मंडळी, सांगायला अभिमान वाटतो, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या! एकानेही विचारलं नाही की असं का. विचारणार कसं? आम्हा सगळ्यांना इंजिन माहीत होतं ते विहिरीवरचं. विहीर जितकी खोल तितकं इंजिन मोठं. पाटलांची विहीर पंचक्रोशीत सगळ्यांत खोल, म्हणून पाटलांचं इंजिन सगळ्यांत मोठं, आणि म्हणून पाटील सगळ्यांत मोठे. हे गणित आमच्या रक्तातच होतं. तलाव म्हणजे तरी काय, एक मोठी विहीर! त्या दिवशी पडवीत बसलेले सगळे जण मनातल्या मनात साठ फूट पाणी उपसत होते.

साहेब म्हणाले, "अहो पाटील, पाणी वर नाही आणायचं. होडी पुढे न्यायची आहे. खाली साठ फूट असो की गुडघाभर, होडीला त्याचं काय?"

पाटील गप्प झाले. पण पाटील गप्प झाले म्हणजे पटलं असं नाही, हे गावाला ठाऊक आहे. साहेबांनी नीट समजावून सांगितलं. इंजिन पाण्याची खोली बघून घेत नाहीत. होडी किती लांब, किती जड, मागची फळी किती मजबूत, माणसं किती बसणार, मासा किती भरणार, वारा कसा, हे बघून घेतात. तुमच्या होड्या छोट्या, एक-दोन माणसं, जाळं आणि चार टोपल्या. तुम्हाला पाच घोडे पुष्कळ. त्यापेक्षा जास्त लावलेत तर होडी काही दुप्पट पळणार नाही. मागून बसेल आणि पुढून नाक वर करील. पाटील म्हणाले, "साहेब, गाडी ओढत नसली तं आमी बैल वाढवतो. बैल जास्त झाले म्हनून गाडी कधी बसली नाही." हे ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला. वर आमच्यातल्या कुणी तरी सांगितलं, की शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेने दहा घोड्यांची मागवलीत. मग तर संपलंच. वडाळीची पंधराचीच येणार! ठराव लिहायला मी पेन उघडलं.

तेवढ्यात पडवीच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या गोजरबाई बोलल्या. सभेत बाईने बोलायची तेव्हा रीत नव्हती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, आवाज मात्र स्वच्छ. "माह्या होडीले लहान इंजन पाह्यजे."

पाटील म्हणाले, "काऊन व बाई? सारे मोठं घेऊन राह्यले, अन् तुलेच लहान?"

"मोठं मले उचलत नाही."

पडवीत हशा पिकला. इंजिन काय उचलायची वस्तू आहे? पण मंडळी, होती. आणि ते फक्त त्यांच्या लक्षात आलं होतं, कारण त्यांनाच त्याची धास्ती होती. आपल्याकडे वस्तू रानात सोडायची पद्धत नाही. संध्याकाळी बैल सोडून घरी आणतो, मोटेचा नाडा घरी आणतो. मग नवंकोरं सरकारी इंजिन रात्रभर तलावाच्या काठावर कोण सोडणार? ते रोज संध्याकाळी होडीवरून काढून, काठापासून टेकाड चढून घरी आणावं लागणार, आणि पहाटे परत न्यावं लागणार. ज्याला ते नेता-आणता येईल, होडी त्याची.

पाटलांनी सहज म्हटलं, "उचलाले कडूबा हाये ना घरचा."

गोजरबाई म्हणाल्या, "इंजन रोज भाऊजीनं उचललं, तं होडी बी भाऊजीचीच होते, पाटील. दोन वर्सांनी कोनी इचारनार बी नाही का कोनाची होती म्हनून. मंग म्या अन् पोरीनं काय, टोपल्याच वाहाच्या?"

कडूबा भाऊ तिथेच बसले होते. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं, हे मी आज सर्वांसमोर सांगतो. पण बाईने बोलून दाखवलं ते खरं होतं, हेही त्यांना कळलं असावं. वल्हं होतं तोवर होडी गोजरबाईंची होती. इंजिन आलं म्हणजे ते मानाचं काम झालं, आणि मानाचं काम बाईच्या हातात किती दिवस राहतं? त्या दिवशी गोजरबाईंच्या हातातून काय जाणार होतं ते आम्हा सगळ्यांना दिसलं, आणि तरीही आम्ही पाटलांच्या तोंडाकडे बघत बसलो.

पाटलांनी निकाल दिला. आजही मला तो तोंडपाठ आहे. "ठीक हाये. तुह्यासाठी लहान मागवतो. पन इंजन आलं का काठापासून तुह्या घरापर्यंत तू एकटीनं न्यायचं, साऱ्या गावासमोर. वाटेत खाली ठेवाचं नाही, कोनी हात लावाचा नाही. जमलं तं इंजन तुहं, होडी तुही. नाही जमलं, तं मोठं बसवू अन् कडूबा चालवीन. कबूल?"

गोजरबाई म्हणाल्या, "हाव."

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? आपल्या बाया डोक्यावर घागरीवर घागर घेऊन हेच टेकाड चढतात. कडब्याचा भारा घेऊन कोसभर चालतात. पण हे इंजिन बघा. साहेब, जरा इकडे तोंड करून बघा. हे डोक्यावर राहील का? डोकं एकीकडे जड, पाय लोंबता. डोक्यावर घेतलं तर पहिल्या पावलाला खाली. हे फक्त खांद्यावरच नेता येतं. आणि आपल्याकडे खांद्यावर ओझं पुरुषाने न्यायचं. नांगर खांद्यावर, कुऱ्हाड खांद्यावर, आणि शेवटी तिरडीही खांद्यावर. बाईच्या खांद्यावर आपण कडेवरच्या पोराच्या डोक्याशिवाय काही पाहिलेलं नव्हतं. तिला ओझ्याची सवय होती, खांद्याची नव्हती.

मग गोजरबाईंनी जे केलं, ते आमच्या कुणाच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. मोतीरामांचा लाकडी नांगर गोठ्यात आडव्या दांडीला टांगलेला होता. शेतच नाही तर नांगराचं काय करायचं? त्यांनी तो काढला. डोकं जड, दांडी लांब, अगदी या इंजिनासारखाच. आणि रोज संध्याकाळी होडी लावली, की तो खांद्यावर घेऊन काठापर्यंत जायचं आणि काठावरून टेकाड चढून घरी यायचं!

गावात काय बोभाटा झाला म्हणता! नांगराला बाईने खांदा दिला, आता पाऊस कसा पडतो बघा, म्हणून म्हाताऱ्यांनी बोटं मोडली. चहाटळ पोरं विचारायची, "काकू, तलाव नांगराले चालल्या का?" काकू म्हणायच्या, "हाव, तुह्या बापाचं शेत खालीच हाये, येतं का संगं?" पोरं पळायची. माझ्याच घरी अन्नपूर्णाबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पहिल्यांदा नावं ठेवायच्या. नंतर नंतर संध्याकाळी मीठ घालून पाणी गरम करायच्या आणि गोजरबाईंच्या खांद्याला शेक द्यायला जायच्या. मला वाटायचं भाकरीला उशीर का होतोय. विचारायची सोय नव्हती. आणि गंमत सांगतो, पाऊस त्या साली वेळेवर पडला. मग म्हाताऱ्यांनी तो विषयच काढला नाही.

इंजिनं आली. धाडपर्यंत ट्रकने, पुढे बैलगाड्यांनी. सगळी पंधराची आणि एक पाचचं. सगळं गाव काठावर. कोकणातले साहेब पण होते. त्यांना ही अट कळली तेव्हा ते वैतागले. म्हणाले, "हा काय प्रकार आहे पाटील?" पाटील म्हणाले, "बोलनं झालं हाये."

साहेबांनी पाचचं इंजिन गोजरबाईंच्या होडीला लावून एक फेरी मारून दाखवली. मग गोजरबाईंनी ते होडीच्या फळीवरून सोडवलं, दोन्ही पकडी सैल केल्या, आणि एका दमात खांद्यावर घेतलं. ते काही नांगरासारखं कोरडं लाकूड नव्हतं. पाण्यातून निघालेलं, ओलं, निसरडं. त्या चालायला लागल्या. गाव दोन्ही बाजूंनी. मी मागे होतो, मला त्यांची पाठ दिसत होती. चिखलाची जागा त्यांनी ओलांडली, बोरीची झाडं ओलांडली, आणि जिथे वाट एकदम वर चढते, त्या उंबराच्या वळणावर पाय घसरला.

पडल्या नाहीत. एक गुडघा टेकला. इंजिन खांद्यावरच, पण पंखा जमिनीला टेकायला वीतभरच राहिला. लहानगी कोकिळा शेजारच्या केसरबाईच्या कडेवरून ओरडली. कडूबा भाऊ सर्वांत जवळ होते. ते एकदम पुढे झाले, दोन्ही हात पसरून. कुणीही झालं असतं. आपल्या घरची बाई पडते आहे म्हटल्यावर कोण उभं राहील? पण हात लागला असता, तर अट मोडली असती.

गोजरबाई खाली बघतच म्हणाल्या, "भाऊजी, हात मांगं घ्या."

आणि त्याच क्षणाला मागून आवाज आला, पाटलांचा, साऱ्या टेकाडाला ऐकू जाईल असा. "कडूबा! हात मांगं! चालू हाये तिचं अजून!"

ज्या माणसाने अट घातली होती, ज्याची इच्छा होती की पंधराचंच इंजिन बसावं, तो हे ओरडला. पाटील, तुमच्या विहिरीच्या खोलीबद्दल मी तुम्हाला आयुष्यभर चिडवत आलो आणि पुढेही चिडवीन. पण त्या एका ओरडण्यासाठी मी तुमच्या पाया पडतो. आणि कडूबा भाऊंनी हात मागे घेतले, छातीशी धरून ठेवले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. तेही सोपं नव्हतं.

गोजरबाई तशाच थांबल्या. श्वास जागेवर आला. मग गुडघा उचलला आणि चढ चढल्या. घरी पोहोचल्या, गोठ्यात गेल्या, आणि जिथे मोतीरामांचा नांगर टांगलेला असायचा त्या दांडीला इंजिन अडकवलं. बाहेर आल्या. पदर सरळ केला. पाटलांना म्हणाल्या, "चहा ठेवते. साऱ्यायले पुरनार नाही, दूध कमी हाये."

मंडळी, तिथे टाळ्या पडल्या नाहीत, तेव्हा टाळ्या वाजवायची आपल्याला सवय नव्हती. ती कसर आज भरून काढा. ...वाहवा! दारातल्यांनीही वाजवल्या, आता तरी आत या.

आता मोठ्या इंजिनांचं काय झालं ते सांगायलाच हवं, नाही तर गोष्ट अर्धी राहील. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः पंधरा घोड्यांच्या होडीत बसले. पांढरं धोतर, गुलाबी फेटा. दोरी ओढली. होडीने असं काही नाक वर केलं की पाटील मागच्या मागे! होडीची पाठ पाण्यात बसली, फळीवरून पाणी आत आलं, आणि पाटलांचा फेटा तलावावर आमच्याआधी फिरायला निघून गेला. तो गोजरबाईंनीच, आपलं लहान इंजिन लावून, जाऊन पकडून आणला. पाटलांच्या हातात दिला. एक शब्द बोलल्या नाहीत. पाटील म्हणतात, बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे एकेक झालं. मोठं इंजिन रोज घरी आणायला दोन माणसं, म्हणजे एका होडीवर दोघांचं पोट. एकाची मागची फळी तडकली. रॉकेल-पेट्रोल पिण्यात तर ती बैलाच्या वरताण. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं, की जुन्या आमराईचे बुंधे वर यायचे, जुन्या विहिरींचे काठ वर यायचे. पंखा त्यांच्यावर आपटायचा. लहान इंजिन एका हाताने वर उचलून धरता येतं, मोठं हलेचना. पाटलांच्या होडीचा पंखा कुठे तुटला माहीत आहे? त्यांच्याच बुडालेल्या विहिरीच्या काठाला! बहात्तरच्या दुष्काळात तर तलावाचं डबकं झालं. सगळी इंजिनं गोठ्यात पडून. एकट्या गोजरबाई त्या चिखलापाण्यात इंजिन कधी खाली, कधी वर करत फिरत होत्या, आणि जो मासा मिळाला तो आधी गावात वाटत होत्या. त्या वर्षी किती चुली त्यांच्या होडीवर पेटल्या हे मी सांगणार नाही. ज्यांच्या पेटल्या त्यांना ठाऊक आहे.

आज संस्थेत एकही पंधराचं इंजिन नाही. पाटलांनीच सर्वांत आधी बदललं. गोजरबाईंच्या दारात जाऊन म्हणाले, "तुह्यासारखं मागव व बाई मले." आणि आता दुसऱ्या तलावांवरची माणसं आपल्याकडे विचारायला येतात, की कितीचं इंजिन घ्यावं? आम्ही सांगतो, पाणी किती खोल ते विसरा. होडी मोजा, ओझं मोजा, मागची फळी ठोकून बघा. आणि शेवटी, संध्याकाळी ते कोण घरी नेणार आहे त्याला विचारा. त्याच्या खांद्याला झेपेल ते इंजिन तुमचं. ही अक्कल वडाळीची आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. हो, आहे!

अजून एक. गोजरबाईंच्या गोठ्यात बैल नव्हते. पहिल्या पोळ्याला त्यांनी इंजिनाला हळद-कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दाखवला. आम्ही हसलो. आज पोळ्याला वडाळीत ज्याच्या घरी इंजिन आहे त्या प्रत्येक घरी आधी बैल, मग इंजिन. बायका ओवाळतात. हसणारे आता आपणच वाटी घेऊन उभे असतो.

गोजरबाई नंतर संस्थेच्या चेअरमन झाल्या, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांच्या काळात काय काय झालं ते सभापती साहेब सांगतीलच, त्यांचं भाषण मी खाणार नाही. आज त्या होडीवरून उतरताहेत. गुडघा साथ देत नाही, तोच, उंबराच्या वळणावरचा. होडी आता कोकिळा चालवणार. जावईबापू धाडच्या शाळेत शिपाई आहेत. ते इंजिनाला हात लावत नाहीत आणि कोकिळा शाळेच्या घंटेला लावत नाही, संसार सुखाचा आहे. मघाशी शाल देताना सभापती साहेब, आपण ती त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवलीत आणि ती घसरली. आपली चूक नाही. त्या खांद्याला घट्टा पडलेला आहे, त्याच्यावर शाल ठरत नाही. त्या घट्ट्याला आमच्या सर्वांच्या वतीने मी नमस्कार करतो.

गोजरबाई, तुम्ही डोळे पुसू नका, मग मला बोलता येत नाही.

आता आभार. अध्यक्ष महाराज, पाहुणे मंडळी, लाउडस्पीकरवाले, गाडी आणि बैल देणारे वामनराव, आणि सकाळपासून चुलीपाशी असलेल्या आमच्या बाया, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर चिटणिसाला पहिल्यांदाच माईक मिळाला होता असं समजून पोटात घालावं. पाटील, तुम्ही दुप्पट घालावं.

एक शेवटचं. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, की समारंभानंतर इंजिन सजवलेल्या बैलगाडीतून वाजतगाजत गोजरबाईंच्या घरी जाईल. ते आता रद्द झालं आहे. बैल सोडून दिलेत. कोकिळाने मघाशी पाटलांच्या कानात काही सांगितलं, पाटलांनी मान डोलावली, आणि मला खूण केली. काठापासून नाही, पण इथून, टेकाडाच्या पायथ्यापासून, वर घरापर्यंत वाट तीच आहे, उंबराचं वळण तेच आहे.

सर्वांनी उभं राहावं. वाट द्यावी. कोकिळा इंजिन उचलते आहे. कृपा करून कुणी हात लावू नये.

कडूबा भाऊ, तुम्हीसुद्धा. हात मागे.